इमावानो कियोशिरो : शब्द कळलाच पाहिजे

जपानी रॉक संगीतावर काही लिहावे, अशी विनंती करणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत बरीच आली. विषय अफाट आहे आणि चार पानांत सगळ्यांना हजेरी लावायची तर कोणाशीच ओळख होत नाही. म्हणून एकाच माणसाभोवतीचे प्रश्न निवडले आहेत. हा माणूस म्हणजे इमावानो कियोशिरो. जपानमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर येते, त्यामुळे 'इमावानो' हे आडनाव आणि 'कियोशिरो' हे नाव, अर्थात दोन्ही स्वतःच ठेवलेली.

प्रश्न : जपानी रॉक म्हटले की आम्हांला ॲनिमे मालिकांची शीर्षकगीते किंवा रंगीबेरंगी केसांचे बँड आठवतात. खुद्द जपानी श्रोते कोणाला मानतात?

उत्तर : जपानमध्ये 'रॉकचा राजा' ही बिरुदावली ज्यांच्या नावामागे सहज लावली जाते ते इमावानो कियोशिरो. त्यांचे खरे नाव कुरिहारा कियोशी. जन्म 2 एप्रिल 1951 रोजी टोकियोत झाला आणि 2 मे 2009 रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. 'आर सी सक्सेशन' हा त्यांचा बँड 1968 साली सुरू झाला आणि 1990 पर्यंत वाजत राहिला. परदेशात ते फारसे पोहोचले नाहीत. माझ्या मते त्याचे कारण त्यांचा मोठेपणा ज्यात आहे तेच आहे : त्यांचे गाणे शब्दांवर उभे आहे आणि ते शब्द जपानी आहेत. भव्य रंगमंच, वेगवान गिटार, आतषबाजी हे सगळे भाषेविना परदेशी जाऊ शकते, पण रस्त्यावरच्या बोलीत सांगितलेली गोष्ट तशी जात नाही. खाली मी जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीपाशी वारंवार येईल, त्याबद्दल वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न : त्यांच्या घरी संगीत होते का? आईवडिलांचा पाठिंबा होता का?

उत्तर : ते वाढले टोकियोच्या पश्चिमेकडील कुनिताची या शांत, शाळा-कॉलेजांच्या गावात. माध्यमिक शाळेतल्या मित्रांबरोबर त्यांनी जो गट काढला त्याचे नाव 'द क्लोव्हर'. तो मोडला, उरलेल्यांचा झाला 'रिमेंडर्स ऑफ द क्लोव्हर', आणि पुढे त्याचाही वारसा सांगणारा म्हणून 'सक्सेशन' हा शब्द जोडला गेला. 'आर सी सक्सेशन' हे त्याचेच लघुरूप. 'आरु हि' म्हणजे 'एके दिवशी' आणि 'साकुसेइ' म्हणजे 'तयार करणे', तेव्हा 'एके दिवशी बँड तयार करू या' या वाक्यातूनच हे नाव निघाले, असेही ते सांगत. शब्दांशी खेळण्याची ही हौस शाळकरी वयातली आहे आणि ती शेवटपर्यंत टिकली.

पाठिंब्याबद्दल सांगायचे तर एक प्रसंग असा आहे की या सदराच्या लेखकाला तो विसरताच येत नाही. 1969 साली, मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना, त्यांच्या आईने एका मोठ्या दैनिकाच्या सल्ला-सदराला पत्र लिहिले. आपला मुलगा दिवसभर गिटार घेऊन बसतो, अभ्यासात लक्ष देत नाही आणि पुढे गिटारवरच पोट भरणार म्हणतो, त्याचे काय करावे, अशी त्या माउलीची चिंता होती. पत्र छापून आले. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च 1970 मध्ये, मुलाच्या बँडची पहिली रेकॉर्ड बाजारात आली. अशा सदरांना पत्र लिहिणारी माणसे बहुधा उत्तरासाठी लिहीत नाहीत, मनावरचे ओझे कोणाच्या तरी पुढ्यात उतरवावे म्हणून लिहितात. त्या पत्रातली आई मुलावर रागावलेली नाही, ती घाबरलेली आहे, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्या आईविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती त्यांची जन्मदात्री नव्हती. जन्मदात्री आई ते तीन वर्षांचे असतानाच वारली आणि तिच्या बहिणीने व तिच्या यजमानांनी मुलाला दत्तक घेऊन वाढवले. जन्मदात्रीची छायाचित्रे त्यांच्या हाती आली ती स्वतः मध्यमवयात पोहोचल्यावर, दत्तक आईवडील गेल्यानंतर. जन्मदात्रीचा पहिला नवरा युद्धात मारला गेला होता, हेही त्यांना तेव्हाच कळले. पुढे युद्धाविरुद्ध गाताना त्यांच्या आवाजात जो खासगी सूर लागतो, त्याचे मूळ या छायाचित्रांत शोधावेसे वाटते.

प्रश्न : जपानी भाषेत रॉक गाता येईल की नाही यावर तिथे वाद झाला होता, असे वाचले. यात वाद घालण्यासारखे काय आहे?

उत्तर : वाद खरोखर झाला आणि 1970 च्या आसपास तो चांगलाच पेटला होता. रॉक गायक उचिदा युया यांच्यासारख्या मंडळींचे म्हणणे असे की, जगापुढे जायचे तर इंग्रजीत गायला हवे आणि तशीही रॉकच्या ठेक्यावर जपानी भाषा बसत नाही. उलट 'हॅपी एंड' या बँडने, म्हणजे होसोनो हारुओमी, ओताकी एइइची, मात्सुमोतो ताकाशी आणि सुझुकी शिगेरू या चौघांनी, हट्टाने जपानीत गाऊन 1971 साली 'काझेमाची रोमान' हा अल्बम काढला आणि आपली बाजू मांडली.

'बसत नाही' म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावणे सोपे आहे, कारण आपल्या छंदशास्त्रात मात्रा आहेत आणि जपानी भाषा मात्रांवर चालते. इंग्रजीतला 'रॉक' हा शब्द एका आघातात उच्चारून संपतो. तोच शब्द जपानीत 'रोक्कु' होतो आणि त्याच्या मात्रा होतात तीन. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू, म्हणून दोन, आणि शेवटच्या 'कु'ची एक, असा आपल्या पद्धतीने हिशेब केला तरी उत्तर तेच येते. 'टोकियो' आपण कसाही उच्चारला तरी जपानी माणसाच्या तोंडी तो 'तो-ओ-क्यो-ओ' असा चार मात्रांचा असतो. प्रत्येक मात्रेला जवळजवळ सारखाच वेळ मिळतो. इंग्रजी गाणे आघातांवर उड्या मारत जाते, मधली अक्षरे गिळते. जपानी ओळ मात्र एकेक पायरी उतरत येते. इंग्रजी चालीवर जपानी शब्द घातले की एक तर शब्द अर्ध्यात संपतात किंवा मात्रा कोंबाव्या लागतात. शिवाय जपानीत स्वरांची चढउतार अर्थ बदलते : 'हाशि' हा शब्द एका चढउताराने पूल होतो आणि दुसऱ्याने जेवणाच्या काड्या.

यावर अनेक गायकांनी तोडगा काढला तो उच्चार इंग्रजीसारखे वाकवण्याचा. जपानी शब्द गोल करून, जीभ वळवून असे गायचे की ते दुरून इंग्रजी वाटावेत. कियोशिरो यांनी नेमके उलट केले. त्यांनी मात्रा लपवल्याच नाहीत. प्रत्येक अक्षर सुटे, स्वच्छ, कधी कधी तर लहान मुलाने मोठ्याने धडा वाचावा इतके स्पष्ट उच्चारले, आणि त्या सुट्या अक्षरांवर 'सोल' या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारातल्या गायकांची ताकद ओतली. त्यांचे दैवत होते ओटिस रेडिंग. रेडिंग यांनी अमेरिकेतल्या 1967 च्या मॉन्टेरे संगीत महोत्सवात श्रोत्यांना विचारले होते की आपण सगळे एकमेकांवर प्रेम करतो ना? कियोशिरो यांनी हाच प्रश्न आपल्या भाषेत घेतला : 'आइशिआत्तेरु काइ?' पुढे हे त्यांचे ब्रीदच झाले. हे शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. नऊ मात्रा आहेत, मधल्या 'त्ते'वर जीभ क्षणभर अडते आणि तिथेच ठेका मिळतो. ज्या जागेमुळे भाषा रॉकला अयोग्य ठरवली जात होती, तीच जागा त्यांनी ठेक्यासाठी वापरली. त्यांचे हे योगदान मला बाकी सर्वांहून मोठे वाटते, कारण वादात भाग न घेता त्यांनी तो निकालात काढला.

प्रश्न : त्यांना यश लवकर मिळाले का?

उत्तर : मिळाले आणि गेले. सुरुवातीचा बँड तिघांचा होता, विजेच्या गिटारी नव्हत्या. 1972 साली 'बोकु नो सुकि ना सेन्सेइ' म्हणजे 'माझे आवडते मास्तर' हे गाणे गाजले. हिनो येथील त्यांच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक त्यात आहेत : शिक्षकांच्या खोलीत न रमणारे, चित्रकलेच्या वर्गात एकटेच सिगारेट ओढत बसणारे, मुलांना न रागावणारे. गाण्यात बंड वगैरे काही नाही. एका मुलाला एक मोठा माणूस आवडतो, इतकेच. पण 1972 सालच्या जपानमध्ये, विद्यार्थी आंदोलनांचा धुरळा नुकताच खाली बसत असताना, शिक्षकाबद्दल इतक्या साध्या मायेने कोणी गात नव्हते.

त्यानंतर मात्र वाईट दिवस आले. 'सिंगल मॅन' हा अल्बम 1976 साली निघाला. त्यात 'टॉवर ऑफ पॉवर' या अमेरिकी बँडच्या वादकांनी तुताऱ्या-सॅक्सोफोन वाजवले होते, आज तो जपानी रॉकच्या उत्तम अल्बमांत गणला जातो. तेव्हा तो खपला नाही आणि कंपनीने तो छापणे थांबवले. काही समीक्षक आणि रेकॉर्ड विक्रेते त्याच्या पुनर्मुद्रणासाठी झटले, आणि त्यांच्या प्रयत्नामुळे तो दशक संपता संपता पुन्हा लोकांच्या हाती आला. श्रोत्यांनी एखादी कलाकृती अशी परत मागून घ्यावी, असे फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला येते.

मधल्या काळात कियोशिरो बदलले. बँड विजेवर चालू लागला, 'चाबो' या नावाने ओळखले जाणारे गिटारवादक नाकाइदो रेइची सोबत आले, केस ताठ उभे राहिले, डोळ्यांना आणि ओठांना रंग लागला. 1980 च्या जानेवारीत 'आमे आगारि नो योझोरा नि' हे गाणे आले आणि त्याच वर्षी 'रॅप्सडी' हा प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण असलेला अल्बम. पहिले गाणे वरवर पाहता पावसात बंद पडलेल्या गाडीची तक्रार आहे, बॅटरी उतरली आहे, गाडी सुरू होत नाही. आत दडलेला अर्थ मोठ्यांसाठी आहे आणि तो ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतो. 1982 मध्ये संगीतकार साकामोतो र्यूइची यांच्याबरोबर केलेले 'इकेनाइ रूज मॅजिक' हे एका सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या जाहिरातीचे गाणे खपाच्या यादीत पहिले आले. त्याच्या चित्रफितीत रंगवलेल्या ओठांनी हे दोघे पुरुष एकमेकांचे चुंबन घेतात. 1982 साली हे घराघरांतल्या टीव्हीवर दिसले, हे लक्षात घ्यावे.

प्रश्न : त्यांचा एक अल्बम कंपनीने 'फार सुंदर आहे म्हणून' काढला नाही, असे ऐकले. हे खरे असू शकते का?

उत्तर : शब्दशः खरे आहे. 22 जून 1988 रोजी तोशिबा-ईएमआय कंपनीने वृत्तपत्रात जाहिरात दिली. तिच्यात 'कव्हर्स' हा अल्बम आणि त्यातल्या गाण्याची रेकॉर्ड यांची नावे होती, आणि वरील कलाकृती अतिशय सुंदर असल्यामुळे प्रकाशित करता येत नाही, अशा आशयाची एक ओळ होती. याहून अधिक खुलासा नव्हता.

खुलाशाची गरजही नव्हती. तोशिबा हा उद्योगसमूह अणुभट्ट्या बांधणाऱ्यांपैकी एक आहे आणि रेकॉर्ड कंपनी त्याचे अपत्य होती. एप्रिल 1986 मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला होता. जपानमध्ये आयात अन्नातल्या किरणोत्साराची चर्चा घरोघरी पोहोचली होती, आणि 1988 च्या फेब्रुवारीत शिकोकु बेटावरच्या इकाता प्रकल्पातील चाचणीविरुद्ध हजारो माणसे रस्त्यावर उतरली होती. अशा वेळी 'कव्हर्स' तयार झाला. परदेशी गाण्यांच्या चाली घ्यायच्या आणि त्यांवर जपानी शब्द बसवायचे, अशी त्याची कल्पना. 'समरटाइम ब्ल्यूज'च्या चालीवर गाणारा माणूस उन्हाळ्यात समुद्रावर पोहायला जातो आणि तिथे त्याला अणुऊर्जा प्रकल्प उभा दिसतो. जपानमधले हे सर्व प्रकल्प थंड पाण्याच्या सोयीसाठी किनाऱ्यावरच आहेत, त्यामुळे ही कल्पना नव्हे, साधे निरीक्षण आहे.

दुसरे गाणे जवळून पाहण्यासारखे आहे. एल्व्हिस प्रेस्ली यांचे 'लव्ह मी टेंडर' हे अतिशय मऊ प्रेमगीत. कियोशिरो त्याची पहिली ओळ गातात तेव्हा कानाला आधी मूळ इंग्रजी शब्दच ऐकू आल्यासारखे वाटते, कारण शेवटचा 'टेंडर' तसाच लांबतो. मग लक्षात येते की ते म्हणत आहेत 'नानि इत्तेन् दा', म्हणजे 'काय बोलताय काय तुम्ही!' चाल तीच, तोच गोडवा, तोच सावकाश लांबवलेला शेवट, पण आता हे वाक्य अणुऊर्जा सुरक्षित आहे म्हणून समजूत घालणाऱ्यांना उद्देशून आहे. पुढे ते किरणोत्सार नको, दूध प्यायचे आहे म्हणतात. यात घोषणा नाही. सकाळी दूध घेताना जी शंका तेव्हा घरोघरी मनात येत होती, ती प्रेमगीताच्या सुरात आली आहे. कंपनीला याची भीती का वाटली असावी, हे मला इथे समजते. ओरडून म्हटलेले गाणे बाजूला सारता येते. हे गाणे गुणगुणले जाते, आणि त्यातला एकही शब्द असा नाही की जो शाळकरी मुलाला कळणार नाही.

अल्बम 6 ऑगस्टला, म्हणजे हिरोशिमा दिनी, यायचा होता. तो अखेर किट्टी या दुसऱ्या कंपनीने 15 ऑगस्टला, युद्धसमाप्तीच्या दिवशी, बाजारात आणला आणि तो विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. आर सी सक्सेशनच्या एवढ्या वर्षांच्या वाटचालीत पहिला क्रमांक मिळवणारा हा एकमेव अल्बम. 2011 साली फुकुशिमा येथे अपघात झाला तेव्हा ही गाणी पुन्हा सर्वत्र ऐकू येऊ लागली. कियोशिरो तेव्हा हयात नव्हते.

प्रश्न : मग त्यांना राजकीय गायक म्हणावे का? नुसते खळबळ माजवणारे होते, असेही काहींचे मत दिसते.

उत्तर : दोन्ही मला पटत नाही, पण दुसऱ्या मताला आधार कुठून मिळतो ते सांगायला हवे. 'कव्हर्स' नंतर त्यांनी 'द टाइमर्स' नावाचा बँड काढला. डोक्यावर बांधकाम कामगारांसारखी हेल्मेट, तोंडावर फडके, नाव 'झेरी', आणि हा कियोशिरो नव्हेच, त्याच्यासारखा दिसणारा कोणी आहे, असा पवित्रा. ऑक्टोबर 1989 मध्ये फुजी टीव्हीच्या थेट प्रक्षेपणात, तालमीत ठरलेले गाणे बाजूला ठेवून त्यांनी एफएम टोकियो या नभोवाणी केंद्राला शिव्या घालणारे गाणे गायले. त्या केंद्राने त्यांचा हात लागलेली काही गाणी वाजवण्यास नकार दिला होता. सूत्रसंचालकाला तिथेच प्रेक्षकांची क्षमा मागावी लागली. हा प्रकार असभ्य होता, यात शंका नाही, आणि मला ते गाणे पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटत नाही.

पण त्याच टाइमर्सनी, त्याच वर्षी 'डेड्रीम बिलीव्हर' हे 'द मंकीज' या अमेरिकी बँडचे गाणे जपानीत आणले. मूळ गाण्यातली प्रेयसी इथे बाजूला होते, आणि शब्द अशा स्त्रीविषयी होतात जी आता नाही, जिच्यामुळे आजवर स्वप्न पाहता आले. अनेक श्रोते ती आई आहे असे मानतात आणि वर सांगितलेली छायाचित्रांची हकीकत माहीत असली की मलाही तसेच वाटते. हे गाणे जपानमध्ये आज लहान मुलांनाही पाठ आहे, कारण 2011 पासून ते एका मोठ्या दुकान-साखळीच्या जाहिरातीत वाजत आले आहे. त्यातल्या अनेकांना ते गाणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि तोंडावर फडके होते याची कल्पनाही नसेल.

1999 साली आणखी एक प्रसंग घडला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'किमिगायो' या गीताला कायद्याने राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला. शाळांतून ते सक्तीने गायला लावण्यावरून देशात तीव्र मतभेद होते. कियोशिरो यांनी ते पंक शैलीत, धडधडत्या ढोलावर गायले. शब्द बदलले नाहीत, अर्थ वाकवला नाही. तरीही त्यांच्या तेव्हाच्या कंपनीने, पॉलिडोरने, तो अल्बम काढण्यास नकार दिला आणि तो लहानशा स्वतंत्र प्रकाशनातून आला. अकरा वर्षांत दुसऱ्यांदा त्यांचे ध्वनिमुद्रण मोठ्या कंपनीने परत केले.

मला या सर्वांत राजकीय भूमिका दिसते त्यापेक्षा अधिक एक सवय दिसते. जे वाटते ते कळेल अशा शब्दांत म्हणायचे, मग ते मास्तरांबद्दल असो, गाडीबद्दल असो, आईबद्दल असो की अणुभट्टीबद्दल. त्यांनी विषयांची उतरंड मानली नाही. प्रेमगीताला एक आवाज आणि निषेधाला दुसरा, असे त्यांच्याकडे नाही, आणि म्हणूनच त्यांचा निषेध इतका झोंबला.

प्रश्न : घशाचा कर्करोग झाल्यावर त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली, हे योग्य होते का? माझ्या वडिलांनाही असाच आजार होता, म्हणून विचारते.

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाला मी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून उत्तर देऊ शकत नाही आणि देऊही नये. कोणाच्याही आजाराचा निर्णय दुसऱ्याच्या उदाहरणावरून करू नये, तो आपल्या डॉक्टरांशी बोलून करावा, हे आधी सांगतो. जे घडले ते एवढेच. जुलै 2006 मध्ये त्यांना स्वरयंत्राचा कर्करोग असल्याचे जाहीर झाले. शस्त्रक्रियेत आवाज जाणार होता. त्यांनी ती न करता अन्य उपचार घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ते आजारी असताना, 'युमेसुके' हा अल्बम निघाला. तो त्यांनी आधी अमेरिकेत नॅशव्हिल येथे स्टीव्ह क्रॉपर यांच्याबरोबर केला होता. हे तेच क्रॉपर, जे ओटिस रेडिंग यांच्यामागे गिटार वाजवत असत. 1992 चा 'मेम्फिस' हा अल्बमही क्रॉपर आणि त्यांच्या साथीदारांबरोबरच झाला होता आणि मेम्फिस शहराने कियोशिरो यांना मानद नागरिकत्व दिले होते. ज्या आवाजावर एका मुलाने कुनिताचीत बसून जीव लावला, त्या आवाजाच्या साथीदारांबरोबर त्याला उभे राहता आले.

10 फेब्रुवारी 2008 रोजी टोकियोच्या बुदोकान सभागृहात त्यांनी पुनरागमनाचा कार्यक्रम केला. प्रारंभी पडद्यावर त्यांची छायाचित्रे दाखवली गेली : उपचारांमुळे केस गेलेले डोके, मग थोडी खुरटी वाढ, मग अधिक, आणि अखेर ते ओळखीचे ताठ केस. आजारपणाची ही नोंद त्यांनी स्वतःच लोकांपुढे ठेवली. त्यानंतर ते आले आणि पूर्ण आवाजात गायले. त्याच वर्षी जुलैमध्ये कर्करोग कमरेच्या हाडात पसरल्याचे कळले आणि पुढच्या मे महिन्यात ते गेले. 9 मे 2009 रोजी आओयामा येथील अंत्यदर्शनाला चाळीस हजारांहून अधिक लोक आले. त्या विधीला 'आओयामा रॉक अँड रोल शो' असे नाव दिले होते. 'ब्ल्यू हार्ट्स' या जपानी बँडचे एकेकाळचे गायक कोमोतो हिरोतो यांनी त्या दिवशी श्रद्धांजलीचे भाषण केले.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत जो काही निर्णय घरात झाला असेल, तो त्यांच्याविषयीच्या मायेतूनच झाला असणार. कियोशिरो यांचे उदाहरण त्याच्या शेजारी ठेवून स्वतःला दोष देऊ नका.

प्रश्न : सायकलचा काही किस्सा आहे म्हणे?

उत्तर : आहे. पन्नाशीच्या सुमारास त्यांना सायकलीचे वेड लागले आणि 2001 साली ते टोकियोहून क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाकडील कागोशिमापर्यंत, सुमारे 1400 किलोमीटर, सायकलने गेले.

प्रश्न : जपानी येत नाही. ऐकायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : 1980 च्या 'रॅप्सडी'पासून. तो प्रत्यक्ष कार्यक्रम आहे आणि श्रोत्यांचा प्रतिसाद कानावर पडत राहतो, त्यामुळे भाषा न कळताही कुठे काय घडते आहे याचा अंदाज येतो. मग 'कव्हर्स' घ्यावा. त्याच्या चाली ओळखीच्या असतील, आणि ओळखीच्या चालीवर अनोळखी शब्द कसे बसले आहेत हे मात्रा मोजत ऐकता येईल. दृश्य स्वरूपात पाहायचे असेल तर त्यांच्या उत्तरकाळातल्या कार्यक्रमांच्या चित्रफिती पाहाव्यात. अमेरिकी सोल गायक जेम्स ब्राउन थकून खाली कोसळत आणि साथीदार त्यांच्या खांद्यावर झगा पांघरत, तीच रीत कियोशिरो यांनी उचलली, पण झग्याऐवजी त्यांच्या अंगावर अंथरुणातली रजई आणून घालत.

'स्लो बॅलड' मात्र शेवटी ऐकावे, आणि रात्री. हे 'सिंगल मॅन'मधले गाणे आहे, म्हणजे जो अल्बम खपला नाही त्यातले. गाण्यात घडते ते थोडके आहे. एक मुलगा आणि एक मुलगी नगरपालिकेच्या मैदानाच्या वाहनतळावर, मोटारीत, एका ब्लँकेटमध्ये, हातात हात घेऊन झोपतात. मोटारीच्या रेडिओवर संथ गाणे चालू असते. दोघांना स्वप्न पडते आणि दोघांचे स्वप्न जवळजवळ सारखेच असते. कियोशिरो ही गोष्ट प्रथम अगदी हळू सांगतात, एकेक मात्रा सुटी ठेवून, आणि स्वप्नापाशी येताच आवाज वर चढतो आणि फाटतो. फाटतानाही प्रत्येक अक्षर कळते.